सीड्यांना ऊन

मला तिचा हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल जे काही सांगेन त्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. साधासुधा हेवा नव्हता तो. सकाळी डब्यासाठी पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत असायचे आणि त्या भांडणात दर वेळी मीच जिंकायचे. ऑफिसात पोचलं की मात्र ती आधीच जिंकून बसलेली असायची. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. पोथ्यांचं काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

कोल्हापुरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सगळी नोकरी काढली, त्यातली पंधरा-सोळा वर्षं हस्तलिखित विभागात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आठ लाकडी कपाटं आणि खोल्यांना लागून मोकळी गच्ची, एवढा माझा कारभार. कपाटांत पोथ्या. प्रत्येक पोथी दोन पातळ फळ्यांच्या मध्ये, वर लाल कापड, कापडात वेखंडाची पूड आणि दोरीची अशी घट्ट गाठ की कसरीला आत शिरायला फट मिळू नये. माझ्या आधी विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी मला हे सगळं हाताला धरून शिकवलं होतं. पोथी प्लॅस्टिकमध्ये ठेवायची नाही, ते घाम धरतं. पावसाळ्यात गाठ सोडायची नाही. दिवाळी सरली की गच्चीवर चटया अंथरून पोथ्यांना ऊन दाखवायचं. कोवळं, सकाळचं, नऊ ते अकरा. यातला एकही नियम मी कधी मोडला नाही, आजारी असतानासुद्धा.

रजिस्टरात फक्त क्रमांक आणि पोथीचं नाव असायचं. ती कुणाच्या घरातून आली, देताना त्या घरातली म्हातारी का रडली, कुठली पानं उलटसुलट बांधली गेलीत, हे सगळं माझ्या डोक्यात. धारवाडहून, पुण्याहून अभ्यासक यायचे आणि ग्रंथपाल सर त्यांना खालूनच सांगायचे, "वर जा, मॅडमना विचारा." लोक दारात चपला काढून आत यायचे, पोथीला हात लावण्याआधी नकळत कपाळाला हात लावायचे. मला ते आवडायचं. जतन म्हटलं की माझं नाव निघावं, एवढीच माझी हाव होती. एवढी हाव माणसाला असायला हरकत नाही असं मला अजूनही वाटतं.

नव्वदचं दशक सरता सरता ग्रंथालयात कॉम्प्युटर आले. आधी देवघेवीच्या टेबलावर, मग सरांच्या केबिनमध्ये. पुढं पोथ्याही कॉम्प्युटरवर घ्यायच्या असं सर अधूनमधून बोलायचे, तेव्हा मी राजारामपुरीत एक क्लास लावला. चाळिशी उलटलेली मी एकटीच, बाकी सगळी कॉलेजची पोरं. ती मला 'काकू' म्हणायची. सहा महिने मी ते 'काकू' ऐकून घेतलं आणि सर्टिफिकेट आणून सरांच्या टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "वा, छान." एक-दोन वर्षांनी त्यांनी मला बोलावलं तेव्हा मला वाटलं, आला आपला नंबर.

"मॅडम, पोथ्या स्कॅन करायच्या आहेत," सर म्हणाले. "आणि नुसत्या स्कॅन करून भागणार नाही. ते सगळं पन्नास-शंभर वर्षं टिकवायचं कसं, त्याचा आराखडा करायचाय. तुमच्याशिवाय होणार नाही."

"मी तयार आहे, सर."

"तुम्ही हव्यातच. मुख्य काम बघायला एक मुलगी येतीय सोमवारपासून. बेंगळुरूला हेच शिकून आलीय. तिला जरा सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मी जिना चढताना स्वतःशी म्हणाले. त्यात आंधळी मीच झाले होते, हे तेव्हा रागात लक्षात आलं नाही.

ती कबनूरची. घरी यंत्रमाग, चार खोल्यांतल्या दोन मागांनी अडवलेल्या. त्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळं तिचा आवाज मोठा. ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी आम्ही वर्षानुवर्षं पुसून स्वच्छ ठेवली होती आणि ही बाई त्या पाटीखाली उभी राहून वाचनकक्षाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारायची. मला वाटलं सर तिला टोकतील. सर हसले. विद्यार्थी हसले. पंधरवड्यात सगळ्या ग्रंथालयाला तिचा आवाज ऐकायची सवय झाली, आणि ती रजेवर असली की लोक विचारायला लागले, आज गप्प गप्प का वाटतंय.

तिच्या खोलीला एसी मिळाला. तो तिच्यासाठी नाही, मशीनसाठी आहे, असं सर म्हणाले. पण हवा काही मशीन एकटं खात नव्हतं. धूळ जाऊ नये म्हणून त्या खोलीबाहेरही चपला काढायच्या, असा नियम झाला. तेव्हा सगळीकडं तसंच असायचं, कॉम्प्युटरच्या खोलीत माणसं देवळात शिरल्यासारखी शिरायची. मी जिना उतरताना तिच्या दाराबाहेरच्या चपला बघायचे. कुणाचे बूट कुठले ते मला पाठ होतं. एकदा तिथं बारा जोड होते आणि माझ्या दाराबाहेर एकच, तोही आमच्या शिपाई मामांचा. नव्याचे नऊ दिवस, असं मी मामांना म्हणाले. नऊ दिवस गेले, नऊ महिने गेले, चपला काही कमी होईनात.

आराखड्यासाठी ती माझ्याकडं यायची. हातात छापील तक्ता, प्रत्येक पोथीला एक. पोथी कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली, कुठली पानं गहाळ, कुठल्या पानावर कुणाचं हस्ताक्षर.

"मॅडम, दहा मिनिटं द्या की," ती म्हणायची. "नुसता फोटो ठेवून काय उपेग? शंभर वर्षांनी बघणाऱ्याला कळाय नको व्हय, हे काय हाय आणि कुठनं आलंय ते?"

"रजिस्टरात असेल बघ."

"रजिस्टरात न्हाय, मॅडम. बघितलं मी."

"मग नसेल."

सगळं माझ्या जिभेवर असायचं. विसाव्या पोथीतलं अठरावं पान कुणी फाडलं तेसुद्धा. पण ते तिच्या तक्त्यात गेलं की मग मला कोण विचारणार? मी चष्मा पुसत बसायचे. ती तक्त्यातला तो रकाना मोकळा ठेवायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची. तिचा हा चिवटपणाही मला सहन व्हायचा नाही.

आणि मग अज्जांचं प्रकरण झालं.

नेसरीच्या पुढं एका गावात एक लिंगायत शेतकरी घर होतं. घरातल्या म्हाताऱ्यांना सगळं गाव अज्जा म्हणायचं. त्यांच्याकडं अकरा पोथ्या होत्या, कानडी लिपीतल्या, त्यांच्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं उतरवलेल्या. शेवटच्या पोथीच्या मागच्या पानांवर पुढच्या पिढ्यांनी घरातल्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. कोण कधी जन्मलं, विहिरीला पाणी कधी लागलं, कुठली सून कुठल्या गावची. एका अभ्यासकाकडून मला हे कळलं आणि आठ वर्षं मी दर उन्हाळ्यात तिथं जात राहिले. कागल, निपाणी, गडहिंग्लज करत एसटीनं अर्धा दिवस. अज्जा मोठ्या मानानं घरात घ्यायचे. भाकरी, शेंगाची चटणी, दही. पोथ्या देवघरातून आणून दाखवायचे, हातात द्यायचे आणि परत घ्यायचे.

"अज्जा, ग्रंथालयात ठेवू या की. आमच्याकडं चांगल्या राहतील."

"बगू की, बाई. पोथ्या काय पळून जात्यात व्हय?"

आठ वर्षं हेच. नाही म्हणायचे नाहीत, द्यायचेही नाहीत.

सरांच्या सांगण्यावरून नवव्या वर्षी मी तिला बरोबर नेलं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता टाकता ती म्हणाली, "अज्जा, अराम अदीर्री?" बरे आहात ना, असं कानडीत. अज्जा जागेवरून उठलेच. तिच्या घरी कानडी बोलतात हे मला माहीत होतं, पण ते असं वापरता येतं हे सुचलं नव्हतं. मग तासभर दोघं बोलत राहिले. अज्जा हसत होते, मांडीवर थाप मारत होते, सुनेला हाक मारून काहीतरी सांगत होते, आणि मी भिंतीवरच्या खताच्या दुकानाच्या कॅलेंडरकडं बघत बसले होते. चहा आला तो आधी तिला. शेवटी अज्जा माझ्यासाठी म्हणून मराठीत म्हणाले, "घिऊन जावा. फोटू काडा, आन् खंडेनवमीच्या आदी परत आना. पुजंला लागत्यात."

परतीच्या एसटीत अकरा पोथ्या तिच्या मांडीवर होत्या. मी विचारलं, "काय जादू केलीस गं?"

"कसली जादू, मॅडम! माझ्या आज्जीचं माहेर त्यांच्याच पावण्यात निघालं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षांच्या भाकऱ्या एका बाजूला आणि हिच्या आज्जीचं माहेर एका बाजूला. निपाणी येईपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.

पोथ्या स्कॅन झाल्या आणि खंडेनवमीच्या आधी चार दिवस परतही गेल्या. त्या द्यायला ती एकटी गेली. मला बरं नव्हतं, असं मी सांगितलं.

त्याच हिवाळ्यात आराखड्याची बैठक झाली. कॉम्प्युटरच्या डिस्कवर तेव्हा फार जागा नसायची, म्हणून एका खेपेच्या पोथ्या सीडीवर उतरवायच्या आणि डिस्क पुसून पुढची खेप घ्यायची, असं चाललं होतं. तिनं मांडलं ते साधं होतं. प्रत्येक सीडीच्या तीन प्रती करायच्या. तिन्ही वेगवेगळ्या इमारतींत ठेवायच्या. दर वर्षी त्या लावून बघायच्या, आणि चार-पाच वर्षांनी सगळं नव्या साधनावर हलवायचं, कारण सीडी कायमची टिकत नाही.

"मागावर धागा तुटला की तिथंच थांबून गाठ मारायची असती," ती म्हणाली. "पुढं विणत गेलं की सगळा तागा वाया. हे बी तसंच हाय. दर वर्षी बघितलं तर एक सीडी जाईल. दहा वर्षांनी बघितलं तर सगळंच गेलेलं असंल."

बैठकीला विद्यापीठातली मोठी माणसं होती. ती माना डोलावत होती. मला ते डोलणं बघवेना, आणि मी तोंड उघडलं.

"माझ्या कपाटात तीनशे वर्षांची पोथी आहे," मी म्हणाले. "तिची दुसरी प्रत नाही. तिला दर वर्षी कुणी लावून बघत नाही. चार-पाच वर्षांत खराब होणारी वस्तू आणायची आणि तिला पोथीचं जतन म्हणायचं, म्हणजे गाढवापुढं वाचली गीता."

म्हण चुकीच्या जागी बसली होती, पण लोक मोठ्यानं हसले. कुणीतरी म्हणालं, मॅडमचं बरोबर आहे. तीन प्रतींऐवजी एकच संच ठेवायचं ठरलं. वर्षाची तपासणी 'सवडीनुसार' झाली. आणि तो एक संच ठेवायचा कुठं, असं विचारल्यावर सर म्हणाले, "जतन म्हटलं की आमच्या मॅडम." मी मान खाली घातली, नव्या नवरीसारखी. ती कागद गोळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती संच घेऊन वर आली. प्लॅस्टिकच्या डब्यांतल्या सीड्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात पोथीचं नाव. सोबत घडी घातलेला टाइप केलेला कागद.

"मॅडम, ह्या कशा ठेवायच्या ते लिवलंय ह्यात. तेवढं वाचा की."

मला शिकवणार ही! मी कागद घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला. तो वाचला नाही. खरं सांगायचं तर त्याची घडीही मोडली नाही.

आणि मग मी त्या सीड्यांचं जतन केलं. मनापासून केलं, हे कुणी मानो अगर न मानो. आधी त्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून काढल्या, कारण प्लॅस्टिक घाम धरतं. मापाच्या चौकोनी फळ्या मामांकडून करून घेतल्या. फळीवर सीड्यांची चळत, वर फळी, लाल कापड, कापडात वेखंडाची पूड आणि घट्ट गाठ. अज्जांच्या अकरा पोथ्यांच्या सीड्यांचं गाठोडं वेगळं, त्याला नवं कापड. दिवाळी सरली की पोथ्यांबरोबर त्यांनाही गच्चीवर न्यायचं. चटईवर एकेक सीडी सुटी मांडायची, चकचकीत बाजू वर करून, कारण मजकूर त्या बाजूला असतो एवढं मला क्लासमध्ये शिकवलं होतं. नऊ ते अकरा. सीडी ओलसर वाटली तर बारापर्यंत.

मामा चटईच्या कडेला स्टुलावर बसून राखण करायचे. "मॅडम, लई भारी हाय ह्ये," ते म्हणायचे. "पोथ्यांवर चिमण्या बसत्यात. ह्या चकाकत्यात तर कावळं बी जवळ यीनात."

मी खाली वाकून तिच्या खोलीच्या खिडकीकडं बघायचे. तिला वाटतं जतन म्हणजे एसी आणि तक्ते. बघ म्हणावं, जतन असं असतं. सलग चार वर्षं मी हे केलं.

तपासणीसाठी ती दर वर्षी आली. जुलैत आली तेव्हा मी म्हणाले, पावसाळ्यात गाठ सोडायची नसते. डिसेंबरात आली तेव्हा म्हणाले, आत्ताच ऊन दाखवून बांधलंय, पुन्हा सोडायला नको. यातल्या 'ऊन' या शब्दाकडं तिचं लक्ष जायला हवं होतं, पण तिला वाटलं मी पोथ्यांबद्दल बोलतेय. मार्चात परीक्षा, मेमध्ये माझी रजा. एकदा ती दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्यावर राग हाय का तुमचा?"

"छे गं. राग कशाला?"

"न्हाय, असंल तर असू दे. पण सीड्या तेवढ्या एकदा बघूया."

"बघू की," मी म्हणाले.

त्याच सुमाराला अज्जा गेले. मला महिनाभरानं कळलं, तेही तिच्याकडून. ती मातीला जाऊन आली होती. मला का सांगितलं नाहीस म्हटल्यावर म्हणाली, फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. उचलला नव्हता, खरंच. तिचा नंबर दिसला की मी फोन वाजू द्यायचे.

वर्षभरानं अज्जांचा थोरला मुलगा सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला आला. पन्नाशीचा माणूस, कपाळाला विभूती, हातात पिशवी. तो आधी तिच्या खोलीत गेला आणि मग ती त्याला घेऊन वर माझ्याकडं आली.

"अज्जांची पुण्यतिथी हाय," तो म्हणाला. "त्यांच्या पणजोबाच्या हातची पोथी वाचायची म्हंतोय. छापून द्या एवढी."

"घरच्या पोथ्या आहेत की तुमच्याकडं," मी म्हणाले.

"कुठल्या? अज्जा गेल्यावर घर पाडून बांदलं. पोथ्यांस्नी वाळवी लागलीती. देवाची वस्तू, उकिरड्यावर टाकता येत न्हाय. पूजा केली, हार घातला आन् नदीत सोडल्या. स्वामींनीच सांगितलं, सोडा म्हनून. तुमच्याकडं फोटू हाईत म्हटल्यावर आमाला काय घोर?"

जीर्ण झालेली पोथी नदीला द्यायची ही आपल्याकडची रीतच आहे. यात त्या घराचं काहीच चुकलं नव्हतं. अकराच्या अकरा पोथ्या आता फक्त माझ्या कपाटात होत्या, आणि ते ऐकून मला आधी काय वाटलं ते सांगायलाच हवं. मला बरं वाटलं. अभिमान वाटला. तिच्यादेखत मी कपाटाची किल्ली काढली, गाठोडं काढून टेबलावर ठेवलं, आणि त्या भाऊंना बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

गाठ मीच सोडली. वेखंडाचा वास आला. तिनं सीड्यांची चळत बघितली आणि तिचा हात मध्येच थांबला. मग वरची सीडी तिनं दोन बोटांत कडेनं धरून खिडकीपाशी नेली. बारीक पुडीनं सगळा पृष्ठभाग ओरखडून निघाला होता. जो रंग निळसर हिरवा असायला हवा होता तो उडून फिक्कट पिवळा पडला होता.

"मॅडम, ह्यांना ऊन लागलं होतं का?"

"लागलं होतं म्हणजे? दर वर्षी दाखवते की. स्वतः उभी राहून."

तिचा तो मोठा आवाज मी पहिल्यांदाच बंद झालेला बघितला. मग सगळ्या सीड्या घेऊन ती खाली गेली, मी मागून गेले, दारात चपला काढल्या. मशीन सीडी आत ओढायचं, घरघरायचं आणि परत बाहेर ढकलायचं. तिनं फडक्यानं पुसून पुन्हा लावली. पुन्हा बाहेर. चौथ्या सीडीनंतर मी स्टूल ओढून बसले. सगळ्या मिळून दोन सीड्यांतली काही पानं उघडली, तीही मधली कुठली तरी, सुरुवात-शेवट नसलेली. शेवटच्या पोथीची, जिच्या मागच्या पानांवर त्या घरातल्या माणसांची नावं होती, तिची सीडी उघडली नाही.

"ऊन लागलं की ह्यावरचं पुसून जातं, मॅडम," ती हळू म्हणाली. "पोथीला ऊन चांगलं. ह्यांना एक आठवडासुद्धा चालत न्हाय. मी कागद..."

तिनं ओरडायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर सगळं ग्रंथालय गोळा केलं असतं, सरांना वर बोलावलं असतं, तो न उघडलेला कागद खणातून काढून सगळ्यांना दाखवला असता. ती तसं काहीच करत नव्हती, आणि त्या क्षणीसुद्धा, देवाशपथ सांगते, मला तिचा रागच आला. एवढं चांगलं कसं काय असू शकतं माणूस? आणि तो चांगुलपणाही हिच्याच वाट्याला?

"त्यांना सांगायला पाहिजे," मी म्हणाले. "मी सांगते."

"चला," ती म्हणाली.

जिना चढताना मी वाक्य जुळवत होते. माझ्या हातून झालं. मला माहीत नव्हतं. मी कागद वाचला नाही. तिसरं वाक्य सांगायचं की नाही हे ठरत नव्हतं. वर पोचलो तर ते भाऊ बाकावरून उठून उभे राहिले, पिशवीतून नवं कोरं पांढरं कापड काढून हातात धरलेलं. छापलेली पोथी त्यात गुंडाळून न्यायची होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती पुढं झाली आणि कानडीत बोलायला लागली. खाली मान घालून, सावकाश. मला ते सगळं कळलं नाही. पण 'तप्पु' म्हणजे चूक, एवढी कानडी कोल्हापुरात राहून कुणालाही कळते. तो शब्द ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा तिचा हात स्वतःच्या छातीकडं गेला.

भाऊंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी तिला काहीतरी विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली. त्यांनी हातातल्या कापडाची घडी घातली, पुन्हा घातली आणि पिशवीत ठेवली. मी अजूनही बोलू शकले असते. चार पावलांवर तर उभी होते.

मग ते माझ्याकडं वळले. रागानं नाही, अगदी आदरानं हात जोडले.

"ह्या पोरीच्या भरवशावर ऱ्हायलो, बाई," ते म्हणाले. "आठ वर्सं तुमी हेलपाटं घातलं. तवाच तुमच्या ताब्यात दिल्या असत्या तर ऱ्हायल्या असत्या."

त्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडून हे ऐकायला मी आठ उन्हाळे एसटीत काढले होते. मी मान डोलावली, आणि तिच्याकडं बघितलं नाही.